मुठेच्या पाण्याने अमिबा मरतोय: महाविषाणू आहे की बॅक्टेरिया, हे कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मार्चमध्ये पुण्यात विठ्ठलवाडीजवळ मुठा नदीचं पाणी घेतलं, अकँथामिबा कॅस्टेलानी या अमिबाच्या कल्चरमध्ये टाकलं, आणि ४८ तासांनी पाहिलं तर जवळपास सगळे अमिबा गोल होऊन तळापासून सुटलेले. तेच पाणी ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून टाकलं तेव्हा अमिबांना काहीही झालं नाही. गाईडचं म्हणणं, गाळलेल्या पाण्याने काही होत नाही म्हणजे विषाणू नाही, बॅक्टेरिया आहे. तुम्हाला वाटतं महाविषाणू, म्हणजे जवळपास बॅक्टेरियाएवढा मोठा विषाणू आहे. आणि हे सगळं हाताळताना आपल्याला काही होणार नाही ना, अशी घरच्यांना काळजी आहे.

खरा प्रश्न असा आहे: अमिबा मरतोय हे दिसतंय, पण कशाने मरतोय हे अजून कुठेच दिसलेलं नाही. तुमच्या प्रयोगातून तुम्हाला वाटतं त्याहून जास्त माहिती मिळालेली आहे, फक्त ती वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. आधी तेवढं पाहू.

पाण्यात विरघळलेलं काही, म्हणजे डिटर्जंट, क्लोरीन, कारखान्याचं सांडपाणी, विरघळलेले धातू, हे ०.२२ च्या फिल्टरमधून सरळ पार जातं. गाळलेल्या पाण्यात अमिबा ठणठणीत राहिला, त्या अर्थी विरघळलेलं विष हे कारण बहुतेक बाद झालं. फेसाळणाऱ्या नदीच्या बाबतीत ही पहिली शंका असते, आणि ती तुम्ही नकळत निकालात काढली आहे. गाळाच्या कणांना चिकटलेलं काही असू शकतं, त्यासाठी एक सोपा कंट्रोल ठेवा: न गाळलेलं पाणी १५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, गार करून टाका. तरीही अमिबा मेला तर मारणारी गोष्ट बहुधा जिवंत नाही. वाचला तर मारणारं काहीतरी उष्णतेने नष्ट होणारं आहे आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या छिद्रातून न जाणारं आहे.

इथे गाईडचा तर्क अडतो. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तरीही तो रस रोग पसरवत राहिला. तेव्हापासून 'गाळणीतून जातो तो विषाणू' ही विषाणूची कामचलाऊ व्याख्याच होऊन बसली. पोलिओचा विषाणू ०.०३ मायक्रोमीटरचा, इन्फ्लुएन्झाचा साधारण ०.१ चा, त्यांच्यासाठी ती चालते. मिमीव्हायरस मात्र बाहेरच्या केसाळ तंतूंसकट साधारण ०.७५ मायक्रोमीटरचा आहे. पँडोराव्हायरस १ मायक्रोमीटर लांब, आणि २०१४ मध्ये सायबेरियातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतून मिळालेला पिथोव्हायरस १.५ मायक्रोमीटर लांब. हे सगळे ०.२२ वर अडकणारच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये १९९२ साली न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात हाच मिमीव्हायरस दिसला होता. ग्रॅम स्टेनमध्ये तो पॉझिटिव्ह कॉकससारखा दिसतो, म्हणून त्याला बॅक्टेरिया समजून 'ब्रॅडफर्डकॉकस' असं नाव पडलं. तो विषाणू आहे हे फ्रान्समधल्या मार्सेच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी त्याचा जीनोम वाचला गेला तेव्हा तो सुमारे ११.८ लाख बेसजोड्यांचा निघाला, काही परजीवी बॅक्टेरियांपेक्षाही मोठा.

म्हणजे तुमच्या फिल्टरचा निकाल दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. बॅक्टेरिया असता तरी हेच झालं असतं आणि महाविषाणू असता तरी हेच. फिल्टरच वापरायचा तर आधी साध्या फिल्टर पेपरने कचरा आणि गाळ काढा, मग १.२ मायक्रोमीटरचा लावा. ०.८ चा लावला तर मिमीव्हायरस बराचसा जातो, पण लांबुळके विषाणू हातचे जाऊ शकतात. १.२ मधून भरपूर बॅक्टेरियाही येतील. ते आकारावरून वेगळे काढता येत नाहीत, हे मनाशी पक्कं करूनच पुढे जायचं.

आता मला सगळ्यात जास्त शंका कशाची आहे ते सांगते. तुम्ही पाणी कोणत्या द्रवात टाकलं हे लिहिलेलं नाही. अमिबा वाढवायला आपण पीवायजी वापरतो: लिटरमागे २० ग्रॅम प्रोटिओज पेप्टोन, १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १८ ग्रॅम ग्लुकोज आणि वर क्षार, पीएच ६.५. नदीच्या पाण्यातल्या बॅक्टेरियाला ही मेजवानीच. एका रात्रीत प्लेटमधली विहीर (द्रव भरायचा खळगा) गढूळ होते, आम्ल तयार होतं, ऑक्सिजन संपतो, स्यूडोमोनाससारखे बॅक्टेरिया अमिबाला मारणारी द्रव्यं सोडतात. दोन दिवसांनी अमिबा गोल. यात विषाणूचा काही संबंध नाही, आणि बॅक्टेरिया अमिबाच्या आत शिरून वाढतोय असंही नाही. न गाळलेलं पाणी सरळ पीवायजीत टाकलं असेल तर आत्ता तरी माझा कौल याच कारणाला आहे.

म्हणून पुढचा प्रयोग पेजच्या सलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या क्षारांच्या पातळ द्रावणात करा. लिटरभर पाण्यात सोडियम क्लोराइड १२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४, कॅल्शियम क्लोराइड ४, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १४२ आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १३६ मिलिग्रॅम. कॅल्शियम वेगळं ऑटोक्लेव्ह करून शेवटी मिसळा, नाहीतर फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो. यात बॅक्टेरियाला खायला जवळपास काही नसतं आणि अमिबा दोनतीन दिवस नीट तग धरतो. त्यात अँपिसिलिन १००, सिप्रोफ्लॉक्सासिन २० आणि व्हँकोमायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला. बुरशीसाठी अँफोटेरिसिन घालायचं तर फार हात राखून: बुरशीची ही औषधं जास्त झाली की अमिबालाही मारतात. ०.२५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा. आणि औषधं घातलेली, पण नदीचं पाणी न घातलेली विहीर प्रत्येक प्लेटमध्ये हवीच, तिच्याशिवाय त्या प्लेटचा निकाल वाचूच नका.

अमिबा तरुण हवा. दर दोनतीन दिवसांनी नव्या पीवायजीत लावलेलं, अर्धवट भरलेलं फ्लास्क घ्या. दहा मिनिटं बर्फात ठेवून हलकेच आपटलं की अमिबा सुटतात, ट्रिप्सिन लागत नाही. सलाइनने धुवा, न्यूबाउर चेंबरमध्ये मोजा आणि मिलीला ५ लाख या हिशेबाने २४ विहिरींच्या प्लेटमध्ये ९०० मायक्रोलिटर भरा. अर्ध्या तासात ते तळाला चिकटतात. मग १०० मायक्रोलिटर नमुना. तापमान ३० अंश. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत साधा इन्क्युबेटर ३० वर थांबत नाही, कारण त्याला गार करता येत नाही. खोलीच ३५ च्या वर असते. गारही करता येणारा बीओडी इन्क्युबेटर मिळवा. गरमीने त्रासलेला अमिबा आपणहून गोल होतो आणि निकालाचा पार विचका होतो.

गोल होणं म्हणजे मरणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. उपाशी किंवा त्रासलेला अमिबा सिस्ट बनवतो: दोन भिंती, बाहेरची सुरकुतलेली, आतली कोनाकोनांची. गोल झालेले अमिबा धुऊन नव्या पीवायजीत टाका. एकदोन दिवसांत सिस्ट फोडून बाहेर आले तर ते मेलेलेच नव्हते. ट्रायपॅन ब्लू मेलेल्या पेशीला रंगवतं, तेही बरोबर वापरा.

मुख्य कसोटी पॅसेजची, म्हणजे एका विहिरीतून दुसरीत नेत राहण्याची. पहिल्या विहिरीतून १०० मायक्रोलिटर घेऊन ताज्या अमिबांच्या ९०० मध्ये, त्यातून पुन्हा तसंच, किमान तीनदा. पहिल्या विहिरीत काहीच दिसलं नाही तरीही हे करायचं, कारण नदीच्या पाण्यात विषाणू मोजके असतील तर पहिल्या खेपेला डोळ्यांना काहीच कळत नाही. तिसऱ्या खेपेला मूळ पाणी हजारपट पातळ झालेलं असतं. नुसतं विष असेल तर त्याचा परिणाम विरत जातो. स्वतः वाढणारं काही असेल तर ते विरजणासारखं वागतं: चमचाभर दर वेळी नव्या दुधात टाका, दर वेळी दही लागतंच, बहुधा आधीपेक्षा लवकर. तुमच्या विहिरीत अमिबा मरायला पहिल्यांदा तीन दिवस, मग दोन, मग एक असं होत गेलं तर ते शुभचिन्ह आहे. पण बॅक्टेरियाही वाढतोच, म्हणून ही कसोटी विष आणि सजीव यांच्यातली आहे, बॅक्टेरिया आणि विषाणू यांच्यातली नव्हे.

ते दुसरं भांडण सोडवतं घड्याळ. तुम्ही थेट ४८ तासांनी पाहिलंत, तोवर सगळं उरकलेलं होतं. तिसऱ्या पॅसेजच्या विहिरी कव्हरस्लिपवर लावा आणि १, ३, ६, ९, १२ आणि २४ तासांना एकेक काढून, फिक्स करून, डीएपीआयने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवा. मिमीव्हायरसचं वेळापत्रक बरंच ठाम आहे. अमिबा त्याला बॅक्टेरिया समजून गिळतो. अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठ्या कणालाच अमिबा असा गिळतो, म्हणजे विषाणूचा आकार हीच त्याची आत शिरायची युक्ती आहे. आत गेल्यावर कवचाच्या एका टोकावरची पाच पाकळ्यांची चांदणी उघडते, विषाणूचं आतलं आवरण अमिबाच्या पोकळीच्या आवरणाशी जुळतं आणि डीएनएचा गाभा पेशीद्रवात उतरतो. यानंतर काही तास तुम्हाला काहीच दिसणार नाही. हे रितेपण फार महत्त्वाचं आहे: बॅक्टेरिया आत शिरला तर तो कायम दिसतो, एकाचे दोन, दोनाचे चार होताना दिसतो. विषाणू आधी नाहीसा होतो.

मग पाचसहा तासांच्या सुमारास केंद्रकाच्या शेजारी पेशीद्रवात डीएपीआयचा दुसरा लख्ख ठिपका उगवतो. अकँथामिबाच्या केंद्रकात मोठी न्यूक्लिओलस असते, त्यामुळे मूळ केंद्रक मधोमध काळोख असलेल्या फिक्या कड्यासारखं दिसतं. नवा ठिपका मात्र भरीव आणि जास्त उजळ असतो. हा विषाणूचा कारखाना. मिमीव्हायरस डीएनएवरून आरएनए बनवायची स्वतःची यंत्रणा कणातच घेऊन येतो, म्हणून त्याला अमिबाच्या केंद्रकाची गरज पडत नाही. प्रथिनं बनवणारे रायबोसोम मात्र अमिबाचेच वापरतो. आठनऊ तासांनी कारखान्याच्या कडेने नवे कण दिसू लागतात, बारा तासांत पेशी ठासून भरते, चोवीस तासांत फुटते आणि शेकडो कण बाहेर पडतात. १०० च्या ऑइल लेन्सखाली ते सारख्या आकाराच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. विषाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, हा नियम इथे लागू नाही. याउलट दोनतीन तासांतच सगळे अमिबा गेले असतील तर ते मिमीव्हायरसचं काम नाही, तेवढ्यात त्याचं एक चक्रही पुरं होत नाही.

हे वेळापत्रक सगळ्यांना लागू नाही. पँडोराव्हायरस केंद्रकात ढवळाढवळ करतो, तिथे वेगळा ठिपका शोधत बसू नका, केंद्रकाची बाह्यरेषा विस्कटते का ते पाहा. मार्सेलव्हायरसचा कण जेमतेम पाव मायक्रोमीटरचा, त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

बॅक्टेरियाची बाजू बंद करायला न्यूट्रिअंट अगरवर आणि लेजिओनेलासाठी बीसीवायई अगरवर पसरवा, शिवाय १६एस पीसीआर, म्हणजे बॅक्टेरियात असणाऱ्या १६एस जनुकाची पीसीआर करा. प्लेटवर काही उगवलं नाही एवढ्यावर थांबू नका. पॅराक्लॅमिडियासारखे बॅक्टेरिया अमिबाच्या आतच वाढतात, प्लेटवर कधीच येत नाहीत आणि वरच्या औषधांनाही सहज दाद देत नाहीत. १६एस मध्ये मात्र पकडले जातात. विषाणूची पीसीआर कॅप्सिड (कवचाच्या) प्रोटीनच्या किंवा डीएनए पोलिमरेज बीच्या जनुकावर करतात. ती पॉझिटिव्ह आली आणि सिक्वेन्स जुळला तर उत्तम, निगेटिव्ह आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण नव्या विषाणूत प्रायमर बसेलच असं नाही. डीएनए काढताना साधी किट कमी पडते. कवच चिवट असतं, प्रोटीनेज के, एसडीएस आणि डीटीटी घालून ५५ अंशांवर रात्रभर ठेवा.

सिक्वेन्सिंगवर पैसे खर्च करण्याआधी विषाणू एकटा करून घ्या. नदीच्या एका नमुन्यात दोनतीन प्रकार सहज असतात. दहापटीने पातळ करत जा, जिथे मोजक्याच विहिरी मरतात तिथली एक विहीर उचला, असं तीनदा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जीवर दहा मिनिटं फिरवून अमिबाचा कचरा खाली बसवा आणि वरचं द्रव १०,००० जीवर अर्धा तास. एवढ्यात हे कण तळाला बसतात, अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी नुसते कण न देता आठदहा तासांचे संसर्ग झालेले अमिबाही २.५ टक्के ग्लुटरल्डिहाइडमध्ये फिक्स करून द्या. पातळ कापात कारखाना आणि अर्धवट भरलेली कवचं एकत्र दिसली की वाद संपतो. पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) टीईएम, म्हणजे असा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे. गाईडमार्फत नमुना पाठवायची सोय आणि दर आधीच विचारून घ्या.

आणि ते ०.२२ मधून गाळलेलं पाणी फेकू नका. २००८ मध्ये सापडलेला स्पुटनिक हा ५० नॅनोमीटरचा विषाणू महाविषाणूच्याच कारखान्यावर डल्ला मारून वाढतो. एकट्या अमिबात त्याला काहीच करता येत नाही, म्हणून तुमचा गाळलेला नमुना निरुपद्रवी दिसणारच. महाविषाणू हाती लागला की त्याच्या जोडीला हे पाणी टाकून पाहा. कणांचं पीक घटलं आणि जास्त अमिबा वाचले तर शोधायला आणखी एक गोष्ट मिळाली.

काही सापडलं नाही तर? मग आधी नमुन्याचा विचार करा. मार्च महिना बरोबर निवडलात. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू असताना नदी इतकी पातळ होते की लिटरभर पाण्यातही फारसं काही हाती लागत नाही. वरच्या पाण्यापेक्षा काठचा गाळ, पाषाण तलावातल्या जलपर्णीच्या मुळांचं धुवण किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ जास्त देतो, कारण अमिबा तिथेच बॅक्टेरिया खात असतात. नमुन्यात निर्जंतुक केलेले तांदळाचे चारपाच दाणे टाकून काही आठवडे अंधारात ठेवलं की आधी बॅक्टेरिया, मग तिथलेच अमिबा आणि त्यांच्या जिवावर विषाणू वाढतात. आयआयटी मुंबईतल्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाला मुंबईच्या सांडपाण्यात, पवई तलावात आणि महापालिकेच्या नळाच्या पाण्यातही महाविषाणूंच्या खुणा मिळाल्या आहेत, त्यामुळे मुठेत असणं अजिबात अवघड वाटत नाही. दुसरं, यजमान बदलून पाहा. फाउस्टोव्हायरस सांडपाण्यातच मिळाला, पण तो वर्मअमिबा व्हर्मिफॉर्मिसमध्ये. एकाच अमिबावर काम करून 'इथे काही नाही' असं लिहिता येत नाही. 'या अमिबात काही वाढलं नाही' एवढंच लिहा.

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल. मिमीव्हायरसचा न्यूमोनियाशी संबंध तपासणारे अभ्यास झाले आहेत, पण तो माणसाला आजारी पाडतो हे ठरलेलं नाही. खरी काळजी अमिबाची घ्या. अकँथामिबा डोळ्याच्या बुबुळाला गंभीर संसर्ग करतो आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना धोका जास्त, म्हणून या कामाला चष्माच लावा. नदीचा कच्चा नमुना ३७ अंश किंवा त्याहून वर वाढवू नका. उष्णता मानवणारा, मेंदूला संसर्ग करणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा तुम्हाला तुमच्या प्लेटमध्ये नको आहे. काम क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करा. सिस्ट क्लोरीनला सहज दबत नाहीत, तेव्हा ब्लीचवर भरवसा न ठेवता सगळं १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.

विषाणू मिळालाच तर तिसऱ्या-चौथ्या पॅसेजचा साठा लगेच उणे ८० वर ठेवा आणि दर वेळी त्यातूनच सुरुवात करा. बॅक्टेरियाविरहित अमिबात १५० पॅसेज केलेल्या मिमीव्हायरसने आपले तंतू गमावले आणि जीनोम ११.८ लाखांवरून सुमारे ९.९ लाख बेसजोड्यांवर आला, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं आहे. वर्षभर प्लेटमधून प्लेटमध्ये नेत राहिलात तर मुठेतला विषाणू तुमच्याकडे उरणार नाही. मूळ पाण्याची बाटलीही ४ अंशांवर जपून ठेवा.

पहिला प्रयोग पीवायजीत होता की सलाइनमध्ये, अँटिबायोटिक होतं का आणि ४८ तासांनी विहीर गढूळ होती का, एवढं कळवा. सलाइनमध्ये, औषधांसह, स्वच्छ विहिरीत अमिबा मेले असतील तर वरच्या अर्ध्या पायऱ्या गाळून तुम्ही थेट तिसऱ्या पॅसेजच्या डीएपीआयवर जाऊ शकता.